मंचावरून माइकपुढे

प्रश्न : मी स्टँड-अप करतो. डबिंगसाठी आवाजाचा नमुना पाठवला, तर ‘फार ओरडता’ असं उत्तर आलं. काय सुधारू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : मंचावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय लागते, स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला (बारीक आवाजही टिपणाऱ्या नाजूक माइकला) ती सोसत नाही. तोंड माइकपासून वीतभर लांब, किंचित तिरकं ठेवा, म्हणजे ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना सुटणाऱ्या हवेचा फटका माइकला बसणार नाही. दुसरी खोड जास्त नडते : हशासाठी थांबणं. डबिंगमध्ये पडद्यावरचे ओठ मिटले की वाक्य संपलंच पाहिजे. आधी प्रसंग नीट पाहा, पात्र श्वास कुठे घेतंय त्याच्या खुणा संहितेवर करा, मगच बोला. नमुना मिनिटभराचा, ४८ किलोहर्ट्झवर (ही रेकॉर्डिंगच्या सॅम्पल रेटची सेटिंग) ध्वनिमुद्रित केलेला. मागे संगीत नको. आणि नटांच्या नकला तर अजिबात नकोत, स्टुडिओवाल्यांना तुमचा आवाज ऐकायचाय.