इंत्रुज, किंग मोमो आणि तुमच्या शंका

जानेवारी लागला की गोव्याच्या कार्निव्हलबद्दलची, म्हणजेच इंत्रुजबद्दलची पत्रं सुरू होतात, आणि त्यांत तोच गोंधळ असतो. कुणी त्याला चर्चचा सण समजतं, कुणी पाच हजार वर्षांपूर्वीचा. म्हणून यंदा उत्तरं एकत्रच देतो.

२०२७ मध्ये गोव्याचा कार्निव्हल कधी? तारीख दरवर्षी का बदलते?

६ ते ९ फेब्रुवारी. ईस्टर पौर्णिमेवर ठरतो. त्याच्या ४६ दिवस आधी राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, येतो आणि त्या बुधवारच्या आधीचे शनिवार ते मंगळवार कार्निव्हलचे. कोणत्या शहरात मिरवणूक कधी, हे पर्यटन खातं जाहीर करतं. ते वेळापत्रक पाहिल्याशिवाय तिकिटं काढू नका.

हा ख्रिस्ती धर्माचा सण आहे, मग चर्च त्यावर नाराज का असतं?

कारण तो धर्माचा सण नाहीच. धर्माचा आहे तो पुढचा उपवासकाळ. मध्ययुगीन युरोपात त्या दिवसांत मांसच काय, अंडी, दूध, लोणीसुद्धा वर्ज्य असे. मग घरातलं होतं नव्हतं ते आधीच खाऊन संपवायचं आणि चार दिवस धुडगूस घालायचा, अशी लोकांची रीत पडली. चर्चने ती कधी खपवून घेतली, कधी आवरू पाहिली. गोव्यातल्या चर्चनेही आपला तिच्याशी संबंध नाही, हे वेळोवेळी सांगितलं आहे.

आताही चाळीस दिवस मांस बंद असतं का?

नाही. सर्वसाधारणपणे राखेचा बुधवार, गुड फ्रायडे आणि उपवासकाळातले शुक्रवार. नक्की काय ते तुमच्या पॅरिशच्या फादरांना विचारा.

एका व्हिडिओत ऐकलं की कार्निव्हल थेट रोमन सॅटर्नेलियातून आला. खरं का?

सॅटर्नेलिया हा प्राचीन रोमचा सण डिसेंबरात व्हायचा. मालक-नोकरांची उलटापालट दोन्हीकडे दिसते, तेवढ्यावर मधली कित्येक शतकं गिळून नातं जोडलेलं आहे. लेखी खुणा मिळतात त्या अकराव्या-बाराव्या शतकातल्या इटलीत, व्हेनिस आणि रोमला. पोर्तुगालमध्ये याच दिवसांचा ‘एंत्रुदो’ होता: एकमेकांवर पाणी, पीठ, अंडी फेकायची. तोच ब्राझीलला गेला, आणि गोव्यात येऊन ‘इंत्रुज’ झाला. व्हिडिओवाल्याला आधार विचारा. बहुधा तो दुसऱ्या व्हिडिओचाच निघेल.

शिमगा आणि कार्निव्हल मुळात एकच का?

नाही. दोन्ही चंद्राच्या हिशेबाने येतात, म्हणून जवळ पडतात, इतकंच. कार्निव्हलचा मंगळवार अमावास्येच्या आसपास असतो. त्यामुळे होळी कधी पंधरवड्यावर येते, कधी दीड महिन्यावर.

एका हॉटेलचं ‘अस्सल पारंपरिक कार्निव्हल’ पॅकेज घ्यावं का? (पुण्याहून एक कुटुंब)

हा प्रश्न आला की माझं डोकं फिरतं. तुम्हाला परंपरा म्हणून विकतात ती चित्ररथांची मिरवणूक १९६५ पासूनची आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस इंत्रुज फिका पडला होता. मुक्तीनंतर तिमोतेओ फर्नांडिस किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, झाले आणि रिओच्या धर्तीवर मिरवणूक निघाली. मोमो म्हणजे मूळचा ग्रीकांचा टवाळीचा देव. त्याचं ‘खा, पिये आनी मजा कर’ हे फर्मान मलाही आवडतं. पण मद्याच्या आणि मोबाईलच्या जाहिराती अंगावर घेऊन फिरणारा ट्रक पाहून ‘आम्ही गोव्याची परंपरा पाहिली’ म्हणू नका.

जुना इंत्रुज पाहायचा तर दक्षिण गोव्यातल्या सासष्टी तालुक्याच्या गावांत जा. तिथे ‘खेळ’ करणारी मंडळी वाड्यावाड्यातून फिरतात. एखाद्या घरापुढच्या अंगणात थांबतात, ट्रंपेट आणि ड्रम वाजू लागतो, शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन येतात. पडदा नाही, रंगमंच नाही. गाणी, मग छोटं नाटुकलं; बायकांची कामं पूर्वी पुरुषच करत. गावातला कंजूष, सावकार, पुढारी, कुणाचीच गय नाही. शेवटी घरमालक बिदागी देतो आणि मंडळी पुढच्या अंगणात. सासष्टीतल्याच चांदर गावात कार्निव्हलच्या सोमवारी ख्रिस्ती मंडळी हातात मुसळं घेऊन ‘मुसळ खेळ’ खेळतात. विजयनगरच्या हरिहर राजाच्या विजयाची ती आठवण, असं तिथे सांगतात. ती आख्यायिका म्हणून ऐका. यातलं काहीही पॅकेजमध्ये नसतं, कारण अंगणाला तिकीट लावता येत नाही. आणि ‘पुढच्या वर्षी जाऊ’ हे तर मला ऐकवूच नका. खेळ करणारे म्हातारे होत चाललेत आणि पोरं परदेशात आहेत. जाण्याआधी मात्र गावातल्या कुणाशी तरी बोला, कुठल्या अंगणात कधी ते विचारा, आणि परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका.

आजोबा खेळात गात. त्यांची रोमी लिपीतली गाण्यांची वही सापडली आहे, कडा वाळवीने खाल्ल्या आहेत. लॅमिनेट करून घेऊ का?

अजिबात नको. चिकटपट्टीही नको. वही इतर कागदांपासून वेगळी, कोरड्या जागी ठेवा, पानं न ओढता मोबाईलवर फोटो काढा आणि याच आठवड्यात पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जाऊन विचारा. जुन्या वस्तू घेणारा कुणी दारात आला तर त्याला चहा द्या, वही देऊ नका. आजोबांच्या बरोबरचं कुणी हयात असेल तर गाण्यांच्या चाली आधी त्यांच्याकडून रेकॉर्ड करून घ्या; वहीत चाली नसतात.