तुमच्या डान्सच्या बाईंच्या आठवणीचा पहिला कार्यक्रम करायलीस ना, मग एवढं बघ

आमच्या डान्सच्या बाई गेल्या तेव्हा पहिला कार्यक्रम मीच उभा केला होता, आणि सगळ्यात मोठी चूक झाली भाषणांची. अकरा जण बोलले, मुली घुंगरू बांधून विंगेत दीड तास बसल्या, बारक्या तर झोपून गेल्या. तू भाषणं दोनच ठेव. एक जुनी शिष्या, एक पालक, बास.

नाचात वर्णम, म्हणजे भरतनाट्यममधला तो सगळ्यात लांबलचक नाच, घेऊ नको, ते अर्धा तास सहज खातं आणि तुमची तयारी महिन्याभराची. अलारिपू घे, सुरुवातीचा छोटा नाच, चार-पाच मिनिटांचं असतं, भरतनाट्यम शिकलेल्या प्रत्येकीला पाठ असतं, लग्न होऊन खानापूर-निपाणीला गेलेल्यासुद्धा येऊन उभ्या राहतील. बाईंची तट्टुकळी, ताल धरायची ती काठी आणि लाकडी ठोकळा गं, घरच्यांकडून मागून आण आणि फोटोशेजारी ठेव. आमच्याकडे ती काठी बघूनच अर्ध्या जणींचे पाय आपोआप अरमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून अर्धं बसायच्या पवित्र्यात गेले, मला अजून भरून येतं.

बाकी:
- पत्रिका मराठी आणि कन्नड दोन्हीत छाप, बाईंनी मुलींत कधी फरक केला नाही.
- ज्यांची फी त्यांनी गुपचूप माफ केली त्यांची नावं स्टेजवर घेऊ नको, त्यांना स्वतःहून बोलायचं असेल तर बोलू दे.
- हॉल आधी बुक कर, मग तारीख सांग.

शिष्यवृत्ती, ट्रस्ट वगैरे पुढच्या वर्षी बघू. आज रात्री फक्त जुन्या मुलींना फोन लाव.