दिसतोय ठणठणीत, म्हणून थांबू नका

या खेपेला विषबाधेबद्दलची पत्रं इतकी आली, की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी बाजूला ठेवले. गेली सव्वीस वर्षं मी कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतेय आणि या पत्रांमधलं एक वाक्य मला फोनवर ऐकून ऐकून पाठ झालंय : "डॉक्टर, खाल्लंय खरं, पण अगदी ठणठणीत आहे." आज त्या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. पत्रं लांब होती, ती थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : आमच्या पाच वर्षांच्या शेरूने जिन्याखाली ठेवलेली उंदराच्या औषधाची निळी वडी खाल्ली. दोन दिवस आम्ही त्याच्यावरून नजर हटवली नाही. नीट जेवला, खेळला, म्हणून निर्धास्त झालो. चौथ्या दिवशी जिना चढताना त्याला धाप लागली. हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. दवाखान्यात रक्त द्यावं लागलं. आता पूर्वीसारखा उड्या मारतोय. गोळ्या मात्र चार आठवडे द्यायला सांगितल्यात. दहा दिवस झालेत, आता बंद केल्या तर चालेल का? आणि त्या दोन दिवसांत आम्हाला काहीच कसं दिसलं नाही?

उत्तर : गोळ्या बंद करू नका. एक दिवससुद्धा चुकवू नका.

तुम्हाला काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि त्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. शरीर हे व्हिटॅमिन एकदा वापरून टाकून देत नाही, पुन्हा पुन्हा वापरतं. शेरूने खाल्लेलं औषध नेमका हा फेरवापर बंद पाडतं. पण आधी तयार झालेले घटक रक्तात असतातच. ते संपेपर्यंत कुत्रा खेळतो, जेवतो, शेपूट हलवतो. साठा संपला, की साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आतल्या आत रक्त वाहायला लागतं. बहुतेकदा छातीत किंवा पोटात, म्हणजे बाहेर थेंबही दिसत नाही. दिसते ती धाप, मरगळ, पांढऱ्या हिरड्या.

तुमच्या डॉक्टरांनी दिलेली गोळी व्हिटॅमिन के-१ ची असणार. आजच्या उंदीरनाशकांपैकी ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकम ही द्रव्यं यकृतात आठवडेच्या आठवडे ठाण मांडून बसतात. दहाव्या दिवशी शेरू उड्या मारतोय तो त्या गोळ्यांच्या जोरावर. गोळ्या थांबवल्या तर तोच चौथा दिवस परत येईल. गोळी थोडं स्निग्ध असलेल्या जेवणासोबत द्या, अंगी चांगली लागते. औषधाच्या दुकानात के-१ ऐवजी के-३ देऊ केलं तर घेऊ नका, त्याने हे काम होत नाही. चार आठवडे संपल्यावर शेवटच्या गोळीनंतर ४८ ते ७२ तासांनी रक्त गोठण्याची तपासणी करून घ्या. ती व्यवस्थित आली, तरच सुटलो म्हणायचं.

उंदराच्या या औषधाचा उगम आमच्याच व्यवसायातला आहे. १९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गाईगुरं साध्या खरचटण्यानेही रक्त वाहून मरत होती. बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा हे त्याचं कारण, असं कॅनडातले पशुवैद्य फ्रँक स्कोफिल्ड यांनी दाखवून दिलं. त्याच चाऱ्यातल्या द्रव्यावरून पुढे वॉरफरिन तयार झालं आणि १९४८ मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आलं.

एक गोष्ट सांगते, कारण ती सांगायलाच हवी. व्यवसायाच्या दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांचा असाच फोन आला होता. कुत्रीने वडी खाऊन तासच झाला होता. मी विचारलं, कशी आहे? ते म्हणाले, मजेत आहे. मी म्हणाले, लक्ष ठेवा. पाचव्या दिवशी ते तिला हातांवर घेऊन आले, तेव्हा तिच्या छातीत रक्त भरलं होतं. ती गेली. पहिल्या तासात बोलावून उलटी करवली असती, तर बहुतेक विष तिथेच बाहेर पडलं असतं. तेव्हापासून काय खाल्लंय आणि किती, हे कळल्याशिवाय 'लक्ष ठेवा' हे शब्द मी तोंडातून काढत नाही.

आणि वडीचं पाकीट सोबत न्या. सगळी उंदराची औषधं एका जातीची नसतात. ब्रोमेथॅलिन मेंदूवर मारा करतं, त्यावर के-१ चा काडीचा उपयोग नाही आणि त्याला उतारा औषधही नाही. झिंक फॉस्फाइड पोटातल्या आम्लाशी मिसळलं, की फॉस्फिन हा विषारी वायू सुटतो. त्यात काही खायला घातलं, तर आम्ल वाढतं आणि वायूही. अशा कुत्र्याने गाडीत उलटी केली, तर तो वायू तुमच्याही नाकात जातो, म्हणून काचा उघड्या ठेवून आणा.

प्रश्न : माझी मनी चार किलोची होती. अंग गरम लागलं, म्हणून पॅरासिटामॉलच्या ५०० च्या गोळीचा पाव तुकडा दिला. लहान मुलांनाही देतात, मग मांजराला काय होणार, असं वाटलं. संध्याकाळी तिचा चेहरा सुजला, पंजे सुजले. रात्री गेली. एवढ्याशा तुकड्याने? मला झोप लागत नाही.

उत्तर : ताई, तुम्ही तिला बरं वाटावं म्हणून गोळी दिलीत. ही माहिती गोळीच्या पाकिटावर नसते आणि कुणी आपणहून सांगत नाही. तुमचं पत्र छापू दिलंत, ते वाचून एखादी मांजर वाचेल, म्हणून मी तुमची मनापासून आभारी आहे.

पाव तुकडा म्हणजे १२५ मिलिग्रॅम. मनीच्या वजनाला भागलं, तर दर किलोला तीस मिलिग्रॅमहून जास्त. दर किलोला दहा मिलिग्रॅमनेही मांजरी आजारी पडलेल्या आहेत. माणसाचं यकृत हे औषध एका ठरावीक वाटेने निकामी करून बाहेर काढतं. मांजराच्या यकृतात ती वाट जवळजवळ बंदच असते. मग औषधापासून तयार होणारी घातक द्रव्यं तांबड्या पेशींवर तुटून पडतात आणि रक्त प्राणवायू वाहून न्यायचं थांबतं. मांजर श्वास घेत असते, पण तो पोचत नाही.

अशी मांजर आली, की मी अंगठ्याने तिचा ओठ वर करून हिरडी बघते. गुलाबी असायला हवी, ती ओल्या मातीसारखी तपकिरी असते. मग पांढऱ्या टिपकागदावर तिच्या रक्ताचा एक थेंब टाकते आणि शेजारी निरोगी मांजराच्या रक्ताचा. निरोगी थेंब हवा लागली, की लाल होतो. हिचा तपकिरीच राहतो. त्या दोन थेंबांकडे बघितलं, की पुढे काही विचारावं लागत नाही. एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हे उतारा औषध आहे, आणि पहिल्या काही तासांत मांजर आली तर ते खरोखर उपयोगी पडतं. सूज येण्याची वाट बघायची नाही, गोळी पोटात गेली हेच कारण पुरेसं.

कुत्र्यांनाही माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या आपल्या मनाने देऊ नका. आयबुप्रोफेनने पोटात व्रण होतात, जास्त गेलं तर मूत्रपिंडं निकामी होतात.

याच धर्तीवर आणखी एका वाचकांनी कळवलंय, की कुत्र्याच्या मानेवर सोडायचे गोचिडांचे थेंब मांजरीला लावले आणि तिला झटके आले. त्यात परमेथ्रिन असतं. कुत्र्याला ते सोसतं, मांजरीला नाही. लावल्याचं लक्षात येताच कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने अंग धुवा, टॉवेलमध्ये गुंडाळून ऊबदार ठेवा आणि निघा. झटके सुरू झाले असतील, तर धूत बसू नका, तशीच घेऊन या.

प्रश्न : कुत्र्याने काही भलतंसलतं खाल्लं, की आम्ही मिठाचं पाणी पाजून उलटी काढतो, नाहीतर दूध देतो. बरोबर आहे ना?

उत्तर : नाही. मिठाचं पाणी तर कधीच नको. उलटी झाली नाही, तर ते सगळं मीठ रक्तात जातं आणि त्याचा मेंदूवर परिणाम होऊन झटके येतात. साध्या गोष्टीसाठी मीठ पाजल्यामुळे दगावण्याच्या अवस्थेत आलेली कुत्री मी पाहिली आहेत. घशात बोट घालू नका, तेल पाजू नका. दूध हे कशावरचाही उतारा नाही.

उलटी करवावी की नाही, हा निर्णय काय पोटात गेलं त्यावर असतो. अ‍ॅसिड किंवा तीव्र क्षार गिळला असेल, तर जाताना अन्ननलिका भाजलेली असते, उलटीने ती दुसऱ्यांदा भाजते. रॉकेल, पेट्रोल, टर्पेंटाइन वर येताना फुप्फुसात उतरतं. गुंगीत असलेल्या किंवा झटके येत असलेल्या जनावराची उलटी श्वासनलिकेत जाते. मांजराला घरी उलटी करवायची सुरक्षित अशी रीतच नाही. आमच्याकडे त्यासाठी इंजेक्शनं आहेत, त्यानंतर गरजेनुसार औषधी कोळसा देता येतो.

तुम्ही करायचं ते एवढंच : तोंडात उरलेलं बाहेर काढा, पण चावा बसेल इतकी बळजबरी नको. अंगाला लागलं असेल, तर चाटू देऊ नका. लगेच फोन करा. फोनवर मी चार गोष्टी विचारते : काय, किती, किती वाजता, आणि वजन. पाकीट, पानाचा तुकडा, उलटी झाली असेल तर तीही पिशवीत भरून आणा. लाज वाटू देऊ नका. उलटीच्या पिशवीने मला जितकं सांगितलंय, तितकं कित्येकदा रक्ततपासणीनेही सांगितलेलं नाही.

प्रश्न : आमच्या मांजराच्या तोंडातून अचानक फेस आला आणि तासाभरात ते गेलं. शेजाऱ्यांनीच विष घातलं, अशी खात्री आहे. काय करावं?

उत्तर : खात्री आज करू नका. फेस आणि झटके कीटकनाशकाने येतात, तसेच अपस्माराने, डोक्याच्या माराने, सर्पदंशानेही येतात. शवविच्छेदन आणि पोटातल्या ऐवजाची तपासणी हाच पुरावा. त्यासाठी देह लवकरात लवकर दवाखान्यात न्यावा लागतो, तोवर बर्फासोबत ठेवायचा, गोठवायचा नाही. घातल्याचं सिद्ध झालं, तर पोलिसांत जरूर जा. आणि घरात दुसरं जनावर असेल, तर आधी त्याचं तोंड आणि अंगण तपासा.

प्रश्न : मांजर आहे, घरात कोणती झाडं नकोत?

उत्तर : यादी मोठी आहे, पण एकच नाव लक्षात ठेवायचं असेल, तर लिली. पान, फूल, देठ, फुलदाणीतलं पाणी, इतकंच काय, अंगावर सांडलेले आणि मग चाटलेले परागकणसुद्धा मांजराची मूत्रपिंडं निकामी करतात. एकदोन उलट्या होतात, मग मांजर सावरल्यासारखी वाटते, आणि एक ते तीन दिवसांत लघवी बंद. पहिल्या अठरा तासांत सलाइन सुरू झालं, तर आशा चांगली असते. म्हणून ही फुलं मांजर असलेल्या घरात नकोतच, उंच फळीवरही नकोत. सायकस कुत्र्यांच्या यकृताला आणि कण्हेर दोघांच्याही हृदयाला घातक. डिफेनबेकियाने तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जिवावर बेतत नाही.

प्रश्न : डॉक्टरकाकू, मी सहावीत आहे. आमची चिंगी आठ किलोची आहे. तिने माझं ५० ग्रॅमचं डार्क चॉकलेट खाल्लं. बाबा म्हणाले, काही होत नाही. पण मी रडले, म्हणून ते तिला दवाखान्यात घेऊन गेले. तिथे तिला उलटी करवली. कुत्र्याला किती चॉकलेट चालतं?

उत्तर : तू रडलीस ते फार बरं केलंस. चल, गणित करू. चॉकलेटमध्ये थिओब्रोमिन नावाचं द्रव्य असतं. माणसाच्या शरीरातून ते लवकर जातं, कुत्र्याच्या शरीरात निम्मं व्हायलाच सतरा-अठरा तास लागतात. डार्क चॉकलेटच्या एका ग्रॅममध्ये ते साधारण ५ मिलिग्रॅम असतं, दुधाच्या चॉकलेटमध्ये २. म्हणजे तुझ्या चॉकलेटमध्ये अडीचशे. भागिले आठ, म्हणजे दर किलोला एकतीस. वीसच्या आसपास उलट्या, जुलाब, अस्वस्थपणा सुरू होतो, चाळीस-पन्नासला हृदय बेताल धावायला लागतं, साठला झटके येतात. त्यातून चॉकलेट जितकं कडू, तितकं हे द्रव्य जास्त, म्हणून ५ हा आकडा कधी कधी कमीच पडतो. बाबांनी बघितलं तेव्हा चिंगी ठीक होती, कारण त्रास व्हायला सहा ते बारा तास जातात. चॉकलेटचा गोळा पोटात बराच वेळ राहतो, म्हणून तुम्ही वेळेत गेलात तर तो बाहेर काढता आला.

किती चालतं, तर अजिबात नको. मनुका आणि द्राक्षंही नकोत. ती खाऊन काही कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडतात, आणि कोणत्या कुत्र्याचं तसं होईल ते आधी ओळखता येत नाही. कांदा-लसूण शिजवलेला असला तरी नको, त्याचा परिणाम रक्तावर काही दिवसांनी दिसतो. आणि साखर नसलेल्या च्युइंगमचं पाकीट दप्तरात ठेवत असशील, तर दप्तर जमिनीवर टाकू नकोस. त्यात बरेचदा झायलिटॉल असतं. कुत्र्याच्या रक्तातली साखर त्याने अर्ध्या-एक तासात खाली येते. दर किलोला ०.१ ग्रॅम एवढंही पुरतं, म्हणजे चिंगीला एक ग्रॅमसुद्धा लागत नाही. चॉकलेटच्या वेळी तुम्हाला काही तास मिळाले, तिथे तेवढे मिळत नाहीत.

आता एक काम कर. एका कागदावर मोठ्या अक्षरात चिंगीचं वजन लिही, खाली तुमच्या डॉक्टरांचा फोन नंबर आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर लिही. तो फ्रिजवर चिकटव, बाबांच्या डोळ्यांच्या उंचीवर. दर सहा महिन्यांनी तिचं वजन करून आकडा बदल.