कपाटातली तीन आणि कमरेचं एक

प्रिय मुली,

ग्रीन कार्ड हातात पडलं आणि त्याच आठवड्यात तू विचारलंस, "काका, पिस्तूल कुठलं घेऊ?" आधी विचारलं नाहीस हे बरं. एच-वन-बीवर असताना, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर अमेरिकेचा केंद्रीय कायदा बंदूक बाळगूच देत नाही. नेमबाजीच्या रेंजवर तासाभरासाठी भाड्याने घेतलेलीसुद्धा त्यात येते. मित्रांबरोबर मजा म्हणून जाणाऱ्या आपल्या कितीतरी मुलांना याचा पत्ता नसतो.

माझ्याकडे चार आहेत आणि कमरेला लागतं एकच. बाकीची तीन म्हणजे माझी शिकवणीची फी.

पहिलं ग्लॉक १९. १५ गोळ्या, रेंजवर नेम सुरेख. पण ह्यूस्टनच्या ऑगस्टात पातळ सुती शर्टाखाली ते लपवायचं कुठे? महिनाभरात ते घरीच राहू लागलं. मग दुसऱ्या टोकाला गेलो. २००८ साली रुगरचं एलसीपी आलं, पावणेतीनशे ग्रॅमच्या आतलं, पँटच्या खिशात मावणारं. खिशात आहे हे विसरायला होतं, पण झाडलं की तळहात झिणझिणतो; त्या एवढ्याशा मुठीवर करंगळीला जागाच नाही. ५० गोळ्यांचा डबा संपायच्या आत हात नको म्हणायचा, आणि सराव सुटला. हलक्या पिस्तुलाचा धक्का जास्त, हे मी इंजिनियर असून पैसे मोजून शिकलो.

तू बाईमाणूस, म्हणून दुकानदार तुझ्यापुढेही असंच चिमुकलं काहीतरी सरकवेल, बहुधा ५ गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. स्मिथ अँड वेसनचं ६४२ आहे माझ्याकडे. साधं, भरवशाचं, पण चाप इतका जड की ओढता ओढता नेम हलतो. ते मुरलेल्या हाताचं काम. नवख्याच्या हाती देऊ नये, असं माझं ठाम मत.

२०१८ साली सिगचं पी३६५ निघालं. अर्धा किलो, मॅगझिनमध्ये १० गोळ्या. ग्लॉकइतकं हाताला सुखाचं नाही, एलसीपीइतकं लपत नाही, आणि तरी रोज लावतो ते हेच.

खरं सांगू? पिस्तुलांपेक्षा पट्ट्याने मला जास्त छळलं. मंडळाच्या गणपतीत नमस्काराला वाकलो, मऊ पट्टा मुडपला आणि झब्ब्याखालून मूठ अशी वर आली की शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, पाठीला गाठ आलीय का?" दुसऱ्याच दिवशी जाड, ताठ पट्टा आणि चाप पूर्ण झाकणारं कायडेक्सचं, म्हणजे कडक प्लास्टिकचं होल्स्टर (पिस्तुलाची म्यान) मागवलं. पर्समध्ये मात्र कधी ठेवू नकोस. पर्स हिसकावली की पिस्तूलही गेलं. शिवाय मैत्रिणीच्या लहानग्याचा हात तिच्यात कधी जाईल, सांगता येत नाही.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेकांना पिस्तूल लावून फिरायला परवाना लागत नाही. तू तरी काढ. त्याच्या वर्गात कायदा नीट कळतो आणि बऱ्याच राज्यांत हा परवाना चालतो. एडिसनला मावशीकडे जाताना मात्र नाही. न्यू जर्सी आपला परवाना मानत नाही.

आता तुझ्या रात्रपाळीचं. तुझ्या हॉस्पिटलच्या दारावर ३०.०६ ची, म्हणजे परवाना असला तरी लपवलेलं पिस्तूल आत आणू नका अशी, पाटी मी पाहिली आहे. म्हणजे पिस्तूल गाडीतल्या कुलूपबंद पेटीत राहणार, आणि पार्किंगपासून दारापर्यंतचा जो अंधार तुला नको वाटतो, तिथे ते तुझ्याजवळ नसणार. हे घेण्याआधी कळलेलं बरं. सिक्युरिटीवाल्याला सोबत यायला सांगता येतं का, ते याच आठवड्यात विचार.

तरीही घ्यायचंच असेल तर शनिवारी सकाळी रेंजवर ये. तिथे चार-पाच प्रकार भाड्याने मिळतात, सगळे झाडून बघू. नवीन कपडे नकोत, ड्यूटीचे नाडीवाले स्क्रब्ज घालूनच ये. पट्टा नसलेल्या कमरेवर होल्स्टर कसं टिकवायचं हे मलाही अजून सुटलेलं नाही.

तुझा,
काका