बारा खाटांच्या हॉस्पिटलचं म्हणणं वर पोचतं का?

डॉक्टर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. जुळे सोलापुरात बारा खाटांचं ऑर्थोचं हॉस्पिटल, सुरू करून दीड वर्ष झालं. कॅशलेस (पेशंटनं पैसे न भरता बिल थेट विमा कंपनीनं देणं) मिळत नाही, हॉस्पिटलच्या नोंदणीचं नूतनीकरण फायरच्या कागदावर अडलंय, आणि हॉस्पिटलांच्या एका मोठ्या साखळीनं 'आमच्याकडं या' असा निरोप धाडलाय. त्यात डॉक्टरांच्या संघटनेतली मंडळी म्हणताहेत की धोरण समितीत या. नियम दिल्ली-मुंबईत ठरतात, तिथं आपलं कोण ऐकतं, त्यापेक्षा ओपीडीत दोन तास जास्त बसलेलं बरं, असं तुम्हाला वाटतंय.

मुरारजी पेठेत माझं दहा खाटांचं प्रसूतिगृह आहे, चोवीस वर्षं झाली. त्यातली निम्मी वर्षं मी या कामात आहे. समितीत जरूर जा. मात्र 'लहान हॉस्पिटलं जगली पाहिजेत' एवढंच सांगायला जाणार असाल तर नका जाऊ. ते वाक्य प्रत्येक मंत्र्यानं ऐकलंय, प्रत्येकानं मान डोलावलीय. वरचा माणूस हलतो तो नेमक्या ओळीवर. कुठला नियम, त्यातला कुठला शब्द, त्यानं कुठल्या पेशंटचं काय नुकसान झालं आणि तिथं कुठला शब्द हवा, एवढं एका पानात बसलं पाहिजे.

माझ्याच अनुभवातलं सांगते. जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलनं, म्हणजे विमा कंपन्यांच्या मंडळानं, 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केलं. हॉस्पिटल कंपनीच्या यादीत नसलं तरी कॅशलेस मिळेल, असं पेपरात आलं. महिन्याभरात मोहोळकडच्या एक शिक्षिका गाठीच्या ऑपरेशनसाठी आल्या. दहा वर्षं हप्ता भरलेली पॉलिसी, आणि बातमीचं कात्रण पर्समध्ये. आम्ही 48 तास आधी कळवलं, नियम तसाच आहे. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी टीपीएचा, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम बघणाऱ्या संस्थेचा, नकार आला: खाटा पंधरापेक्षा कमी. त्यांचे मिस्टर काउंटरवर उभे राहून तो मेसेज पुन:पुन्हा वाचत होते. मग बाईंनी हातातल्या पाटल्या काढून रुमालात बांधल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. मी ऑपरेशन पुढं ढकलू का विचारलं, तर म्हणाल्या, "नको मॅडम, रजा मंजूर झालीय, परत मिळायची नाही."

ऑपरेशन नीट झालं. पुढं बिल भरपाईसाठी पाठवलं, तर तोही क्लेम परत आला. आमची संस्था 'रुग्णालय' या व्याख्येत बसत नाही, असं कारण. त्या रात्री मी त्यांची पॉलिसी पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. चोवीस वर्षांत मी एकही पॉलिसी पुरती वाचली नव्हती, तुम्हीही वाचली नसेल. त्यात रुग्णालयाची व्याख्या असते आणि ती विमा नियामकानं ठरवून दिलेली, सगळ्या कंपन्यांना सारखी. व्याख्येत दोन वाटा आहेत. संस्था क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा 2010 खाली, किंवा त्या कायद्याच्या परिशिष्टात दिलेल्या कायद्यांपैकी एखाद्याखाली नोंदलेली असावी. नसेल तर तिनं किमान अटी पुऱ्या कराव्यात: चोवीस तास पात्र नर्स आणि डॉक्टर, स्वतःचं ऑपरेशन थिएटर, रोजच्या नोंदी, आणि खाटा.

महाराष्ट्रानं 2010 चा केंद्राचा कायदा लागू केलेला नाही, आपली नोंदणी 1949 च्या नर्सिंग होम अ‍ॅक्टखाली महापालिकेत होते. पण तोच 1949 चा कायदा त्या परिशिष्टात आहे! म्हणजे महापालिकेचं चालू सर्टिफिकेट भिंतीवर आहे तोवर आपण व्याख्येत आहोत, खाटा कितीही असोत. आणि खाटांची अट धरली तरी तिथं लिहिलंय की दहा लाखांखालच्या गावात किमान 10, इतरत्र 15. जनगणना 2011 प्रमाणे सोलापूर शहराची लोकसंख्या 9,51,558. म्हणजे माझ्या दहा खाटाही पुरतात.

एका पानाचं पत्र केलं. व्याख्या, सर्टिफिकेटची प्रत, जनगणनेचं पान. विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं आणि क्लेम मंजूर झाला. गहाण पडलेल्या पाटल्या सुटल्या, पण मधल्या काळाचं व्याज बाईंनीच भरलं.

आता यातली धोरणाची गोष्ट बघा. याच शहरातलं हेच हॉस्पिटल, ही पेशंट, ही पॉलिसी. भरपाई मागितली तर आम्ही रुग्णालय, कॅशलेस मागितलं तर नाही, कारण कॅशलेस एव्हरीव्हेअरला सरसकट 15 खाटा लावल्यात. पुण्या-मुंबईत हे कुणाला टोचत नाही. टोचतं ते सोलापूर, लातूर, सांगलीसारख्या गावांत, जिथं डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे, हाडांचे आणि बायकांचे डॉक्टर आठ-दहा-बारा खाटांवर काम करतात. मग मागणी काय? 'कॅशलेसची खाटांची अट पॉलिसीतल्या व्याख्येशी जुळवा.' बस, एवढीच. नवीन सवलत नको, पैसा नको, कायदा बदलायला नको. अशी मागणी नाकारायला समोरच्याला कारण शोधावं लागतं. आणि घाई का, तेही सांगते. पुढची जनगणना 2027 ची. तिच्यात सोलापूर दहा लाखांवर गेलं तर 10 चा आधार जाईल, आणि ज्यांची नोंदणी त्या वेळी रखडलेली असेल ते दोन्हीकडून अडकतील. म्हणून नूतनीकरण आधी उरका.

फायरच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूनं बोलणार नाही. जानेवारी 2021 मध्ये भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, त्याच वर्षी नगरला अतिदक्षता विभाग पेटला. माझ्याकडं दहा खाटांवर दहा बाळंतिणी झोपतात, मला तो कागद नको म्हणायचा हक्क नाही. लायसन्सधारक एजन्सीकडून जानेवारी आणि जुलैत 'बी' फॉर्म (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्या, वेळेवर. मागायचं असेल तर हे मागा, की नवी पेठेतल्या जुन्या इमारतीतल्या तळमजल्याच्या आठ खाटा आणि होटगी रोडवरची नवी पाच मजली इमारत यांना जिना, टाकी आणि पंपाची तीच मोजपट्टी नको. आणि दुरुस्तीला मुदत द्या, तोवर नोंदणी लटकवू नका. सुरक्षेला हरकत नाही, मोजपट्टीला आहे, हे पहिल्याच वाक्यात लिहा. नाहीतर उद्या पेपरात 'डॉक्टरांचा अग्निसुरक्षेला विरोध' असा मथळा येतो आणि पाच वर्षांचं काम एका सकाळी पाण्यात जातं.

दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद लावायची अट 2021 च्या नियमांत आली, तेव्हाही आपल्यातले काही चिडले होते. मी त्याच आठवड्यात मराठी, कन्नड आणि तेलुगूत लावली. इंडी-अक्कलकोटकडून येणारी सासू कन्नडमध्ये दर वाचते आणि वाद तिथंच मिटतो.

सोनोग्राफीच्या एफ फॉर्मचंही तसंच. गर्भलिंगनिदान बंदीच्या कायद्याखाली गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला तो भरावा लागतो. कारकुनी चुकीला गुन्हा धरू नका, ही आपली लढाई 3 मे 2019 ला सुप्रीम कोर्टात संपली. कोर्टानं कलमं कायम ठेवली. आपल्या भागातल्या मुली कशा नाहीशा झाल्या ते मी डोळ्यांनी पाहिलंय, मला तो निकाल पटतो. तुम्हाला ऑर्थोत हे लागणार नाही, पण समितीत कुणी पुन्हा हा विषय काढला तर त्यावर बैठक घालवू देऊ नका.

मोर्चा-बंदचं विचारलंत. राजस्थानात मार्च 2023 मध्ये आरोग्य हक्काचं विधेयक मंजूर झालं, खाजगी हॉस्पिटलं दोन आठवड्यांवर बंद राहिली, पेशंटचे फार हाल झाले. 4 एप्रिलला समझोता झाला, त्यात 50 खाटांखालची खाजगी हॉस्पिटलं कायद्याबाहेर ठेवायचं ठरलं. बंदच्या मी विरोधात आहे, बाळंतीण दारातून परत पाठवणं मला जमणार नाही. पण बघा, इतक्या गदारोळातून कागदावर उरला तो एक आकडा. तो आकडा आपण शांतपणे, आधीच मांडू शकतो.

कुठं मांडायचा? नियमांचं प्रारूप राजपत्रात येतं, हरकती-सूचनांना मुदत असते. ती मुदत बहुतेक वेळा आपल्याला ती संपल्यावर कळते. समितीत एकानं दर आठवड्याला राजपत्र बघायचं काम घेतलं पाहिजे, मी सहा वर्षं केलं, आता डोळे दमतात. दुसरी जागा विधान परिषद. आपण पुणे पदवीधर मतदारसंघात येतो. मागची निवडणूक डिसेंबर 2020 ची, मुदत सहा वर्षांची. पदवीधरांची यादी प्रत्येक वेळी नव्यानं होते, जुनं नाव चालत नाही, नाव नोंदवायचा फॉर्म 18 पुन्हा भरावा लागतो. शहरात इतके डॉक्टर, पण किती जण भरतात? ज्या उमेदवाराला आपली मतं मोजता येतात, तो नागपूरच्या अधिवेशनात आपल्या प्रश्नावर लक्षवेधी सूचना लावतो. मतं नसली की निवेदन स्वीकारतो आणि फोटो काढतो.

महात्मा फुले या मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या दरांवर लांब लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. जुलै 2012 मध्ये ती योजना राजीव गांधींच्या नावानं आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. म्हणजे सगळ्यात जुना अनुभव आपल्याकडं आहे, पण तो डॉक्टरांच्या डोक्यात आहे, कागदावर नाही.

साखळीच्या निरोपाचं तुमचं तुम्ही ठरवा. घरचं कर्ज आणि तब्येत यांचा हिशोब बाहेरच्यानं करू नये. फक्त कॅशलेसला कंटाळून जाऊ नका, ते सुटण्यासारखं आहे.

तोवर एक करा. आजपासून टीपीएचा प्रत्येक नकार जपा. पेशंटचं नाव, पत्ता झाका. तारीख, कारण आणि पेशंटनं पैसे कुठून आणले ते ठेवा. माझ्याकडं अशी चौदा पत्रं आहेत, तुमच्या ऑर्थोत जास्त निघतील, कारण मांडीचं हाड मोडलेला माणूस पैसे जमेपर्यंत थांबू शकत नाही. ती फाइल घेऊन या. नियामकाला जायचं पान मी लिहून ठेवलंय, त्याला जोडायला ऑर्थोची उदाहरणंच नाहीत.