चार क्लाउड डिस्क स्ट्राइप करून (डेटा तुकड्यातुकड्यांनी चारही डिस्कवर वाटून) मायएसक्यूएल डेटाबेस चालवतोय. रोज रात्री प्रत्येक डिस्कचा स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला तर बॅकअप म्हणून चालेल का?

चारही स्नॅपशॉट एकाच क्षणाचे असतील तर चालेल. स्क्रिप्ट एकामागून एक घेत असेल आणि मधे लिखाण चालू असेल, तर नाही.

अशा स्ट्राइपिंगमध्ये, म्हणजे रेड ० मध्ये, एकच फाइल चारही डिस्कवर विखुरलेली असते. पहिल्या डिस्कचा स्नॅपशॉट २:००:०० चा आणि चौथीचा २:००:०३ चा असेल, तर डेटाचं पान नवीन आणि रिडू लॉग (बदलांची नोंदवही) जुना असं होऊ शकतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या स्टोरेज इंजिनची रिकव्हरी 'आधी लॉग, मग पान' या क्रमावर उभी आहे, तो क्रमच मोडतो. मग रिस्टोअर करताना पानाचा लॉग सीक्वेन्स नंबर (लॉगमधल्या जागेचा क्रमांक) भविष्यातला आहे असा एरर दिसतो. मी तो पाहिलाय.

तेव्हा माझ्या स्क्रिप्टमध्ये 'फ्लश टेबल्स विथ रीड लॉक' (सगळं लिखाण थांबवणारी कमांड) होतंच की! पण ते मायएसक्यूएल क्लायंटच्या 'मायनस ई' ने (एकच कमांड चालवून बाहेर पडणाऱ्या पर्यायाने) चालवलं होतं. कमांड संपली, सेशन बंद झालं, लॉक त्याच क्षणी सुटलं आणि स्नॅपशॉट त्यानंतर सुरू झाले. स्क्रिप्ट मात्र रोज 'यशस्वी' म्हणून मेल पाठवत होती. लॉक घेतलेलं सेशन शेवटपर्यंत उघडं ठेवावंच लागतं.

एडब्ल्यूएसवर (ॲमेझॉनच्या क्लाउडवर) असाल तर २०१९ पासून एका इन्स्टन्सच्या (सर्व्हरच्या) सगळ्या ईबीएस व्हॉल्यूमचे, म्हणजे क्लाउड डिस्कचे, स्नॅपशॉट एकाच कॉलमध्ये, एकाच क्षणाचे घेता येतात. अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी असते तशी प्रत मिळते आणि तिथून इनोडीबी स्वतःला सावरतं. मायआयसॅम या जुन्या इंजिनची टेबलं असतील तर मात्र लॉक हवंच.

अशी सोय नसेल तर आधी लॉक, मग एफएसफ्रीझ (फाइलसिस्टिमवरचं लिखाण गोठवणं), मग चारही स्नॅपशॉटच्या विनंत्या, मग उलट क्रमाने सोडवायचं. ईबीएसमध्ये स्नॅपशॉट पूर्ण व्हायची वाट बघायची गरज नाही. विनंती स्वीकारली गेली की क्षण पक्का होतो, कॉपी मागे चालू राहते. म्हणजे फ्रीझ काही सेकंदांचंच. स्क्रिप्ट मधेच मेली तरी अनफ्रीझ होईल असा ट्रॅप (स्क्रिप्ट थांबताना चालणारी कमांड) लावा. आणि स्क्रिप्टचा लॉग त्याच फ्रीझ केलेल्या माउंटवर लिहू नका, ती स्वतःच अडकून बसते. (हसू नका, होतं असं.)

एखादी लांबलचक क्वेरी चालू असेल तर लॉक तिच्यामागे थांबतं आणि बाकी सगळं लिखाण लॉकमागे. म्हणून हे सगळं रेप्लिकावर (मुख्य सर्व्हरची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवर) करा, प्रायमरीवर नको.

रिस्टोअर वेगळ्या मशीनवर करून बघा. डिस्क कोणत्या क्रमाने जोडल्या याने बिघडत नाही, एमडीएडीएम हे लिनक्सचं रेड साधन प्रत्येक डिस्कवरचा सुपरब्लॉक (ओळखीची नोंद) वाचून ॲरे, म्हणजे डिस्कचा संच, जुळवतं. त्याच मशीनवर जोडायला गेलात तर दोन्ही ॲरेंची ओळख सारखीच निघते, आणि एक्सएफएस फाइलसिस्टिम असेल तर तेही सारखा यूयूआयडी (ओळख क्रमांक) बघून माउंट नाकारतं. स्नॅपशॉटपासून बनवलेल्या नव्या ईबीएस व्हॉल्यूममधला डेटा पहिल्यांदा वाचताना एसथ्रीवरून (एडब्ल्यूएसच्या साठवणीतून) येतो, त्यामुळे सुरुवातीच्या क्वेरी रडतखडत चालतात. सर्व्हर परत उभा करायला किती वेळ लागेल हे साहेबांना सांगण्याआधी तो वेळ मोजून घ्या.

बिनलॉगही (मायएसक्यूएलमधल्या बदलांची क्रमवार नोंद) वेगळीकडे साठवत राहा. दुपारी कुणी चुकून टेबल ड्रॉप केलं तर रात्रीचा स्नॅपशॉट फक्त रात्रीपर्यंतच नेतो, पुढचे तास बिनलॉगमधूनच मिळतात.