कोटिंग केलेले चुंबकीय नॅनोकण: सुरुवात कुठून करायची

हायपरथर्मिया (कण तापवून गाठीच्या पेशी मारणं), एमआरआय हे उपयोग तूर्त बाजूला ठेवा. आधी कण नीट जमू देत.

- फेरिक-फेरस (लोहाचे दोन क्षार) मोल प्रमाण २:१. म्हणजे फेरिक क्लोराईड हेक्साहायड्रेट ५.४ ग्रॅम, फेरस क्लोराईड टेट्राहायड्रेट २ ग्रॅम. साताऱ्याच्या पावसाळी हवेत फेरसची बाटली उघडी राहिली, की हिरवट मीठ तांबूस पडतं आणि प्रमाणच बिघडतं. असलं मीठ वापरूच नका. हवा लागू नये म्हणून नायट्रोजन वायू चालू ठेवून दोन्ही क्षारांच्या द्रावणात अमोनिया घाला. गाळ काळाभोर हवा.
- सायट्रेट कोटिंगनंतर थोडे कण सलाईनमध्ये टाकून बघा. तासाभरात तळाशी बसले, तर पेशींच्या माध्यमातही गुठळ्या होतील.
- नवखे सर्वाधिक फसतात ते एमटीटी चाचणीत (किती पेशी जिवंत आहेत हे रंगाच्या गडदपणावरून मोजणारी चाचणी). कण स्वतःच प्रकाश शोषतात, त्यामुळे मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. पेशींविना नुसत्या कणांचा कंट्रोल (तुलनेसाठीचा नमुना) हवाच!

डोस लोहाच्या मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये लिहा.